लांगली (कळलावी) : ओळख, अधिवास आणि एका नावाचा घोटाळा

द्रव्यगुणाच्या परीक्षेत लांगलीवर टीप लिहून आम्ही उत्तम गुण मिळविले होते. भावप्रकाशाच्या गुडूच्यादि वर्गात या वनस्पतीला दिलेली कलिहारी, हलिनी, लांगली, शक्रपुष्पी, विशल्या, अग्निशिखा, अनंता, वह्निवक्त्रा व गर्भनुत् ही नऊही नावे आजही आम्हांस क्रमाने म्हणता येतात. तथापि पदवी हाती पडून बारा वर्षे लोटली तरी या वनस्पतीचा कंद आम्ही स्वतःच्या हाताने जमिनीतून कधी काढला नव्हता, ही गोष्ट कबूल केली पाहिजे. महाविद्यालयाच्या संग्रहालयात बरणीत ठेवलेला एक काळपट तुकडा आणि पाठ्यपुस्तकातील एक रेखाचित्र, एवढ्यावर आमची ओळख थांबली होती. ती ओळख किती तोकडी होती हे २०१४ साली कळून आले. तो प्रसंग आमच्या कमीपणाचा असला तरी वैद्यबंधूंच्या व विशेषतः फार्मसीचालकांच्या उपयोगी पडेल, म्हणून येथे सांगत आहोत.

आमचा दवाखाना रायगड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आहे. परिचयातील एक फार्मसीचालक, स्वतः वैद्य, लहान प्रमाणावर परंतु निष्ठेने औषधनिर्मिती करतात. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर त्यांचा दूरध्वनी आला. त्रिभुवनकीर्तीचा घाणा घ्यावयाचा होता, वत्सनाभाचा साठा संपत आला होता आणि बाजारातील माल मनासारखा मिळत नव्हता. "तुमच्या भागात बचनाग मिळतो असे ऐकतो. चौकशी करून पाहता का?" असे त्यांनी विचारले. समोर रुग्णांची रांग होती. आमच्याकडे अनंतमूळ, शतावरी, गुळवेल आणून देणाऱ्या एक ठाकर आजी नेमक्या त्या दिवशी ओसरीवर बसल्या होत्या. आम्ही तेथूनच विचारले, "आजी, बचनाग मिळतो का हो तुमच्याकडे?" आजी म्हणाल्या, "मिळतो की. कुंपणाकुंपणाला आहे." तेवढाच निरोप आम्ही पुढे कळविला.

वत्सनाभ हा हिमालयाच्या उंच, थंड प्रदेशातील आहे, तो कोकणच्या कुंपणावर उगवणे शक्य नाही, हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. चारचौघांत कोणी विचारले असते तर आम्ही तत्काळ सांगितले असते. परंतु ज्ञान एका कप्प्यात आणि व्यवहार दुसऱ्या कप्प्यात, असे वैद्याचे पुष्कळदा होते.

महिन्याभराने सहा किलो वाळलेल्या चकत्यांचे पोते परस्पर फार्मसीत पोहोचले. दोन दिवसांनी तेथून पुन्हा दूरध्वनी आला. "माल जरा पांढरा वाटतो. वत्सनाभ असा नसतो. शोधनाला घालण्यापूर्वी एकदा पाहून जा." आम्ही गेलो. पोते सतरंजीवर पालथे केले. चकत्या पिठूळ, आतून पांढऱ्या, वरून फिकट तपकिरी सालीच्या. त्यावरून काहीच निश्चित सांगता येईना. शेवटी तळाशी तीन अखंड कंद निघाले. ते बोटाएवढे जाड, लांबट, मधोमध कोन करून दोन फाट्यांत विभागलेले होते. एक फाटा लांब, दुसरा आखूड. लांगल म्हणजे नांगर! जे नाव आम्ही विद्यार्थिदशेपासून घोकत आलो होतो, ते त्या सतरंजीवर मूर्तिमंत पडलेले होते.

सुदैवाने पाण्याचा एक थेंबही त्या मालाला अद्याप लागला नव्हता. फार्मसीचालकांनी पोते शिवून, त्यावर मोठ्या अक्षरांत विषद्रव्य म्हणून चिठ्ठी लावून ते वेगळ्या खोलीत ठेवले. त्यांच्या नजरेला तो पांढरेपणा खटकला नसता तर पुढे काय घडते, याचा विचार परतीच्या प्रवासात आमच्या मनातून जाईना.

घरी आल्यावर आम्ही आजींना बोलावून घेतले. आवाजात थोडी नाराजी असावी, कारण त्यांनी आम्हांस नीटच सुनावले. "डॉक्टर, तुम्ही बचनाग म्हणालात, मी बचनाग दिला. आमच्यात त्यालाच बचनाग म्हणतात, खड्यानाग पण म्हणतात. तुम्हांला दुसरं काय पाहिजे होतं ते तुम्ही सांगितलंत का?" त्यांच्या म्हणण्यात तसूभरही चूक नव्हती. कळलावीला मराठी मुलखात अनेक ठिकाणी बचनाग म्हणतात आणि वत्सनाभाचा अपभ्रंशही बचनागच होतो. एक नाव, दोन वनस्पती, आणि दोन्ही विषारी.

नावांचा गुंता

या एका द्रव्याच्या बाबतीत नावांचा घोळ इतका आहे की केवळ पर्यायनामावर विसंबून खरेदी करणे अंगाशी येऊ शकते. 'लांगली' हे नाव भावप्रकाशातच जलपिप्पलीलाही दिलेले आहे. नारळाच्या पर्यायांतही लांगली आढळते. 'अनंता' म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना सारिवा आठवते. 'विशल्या' गुडूचीलाही म्हणतात आणि दंतीलाही. 'अग्निशिखा' या नावाने फुलाचे डोळ्यांपुढे चित्र उभे राहते खरे, परंतु अग्निशिख म्हणजे केशर आणि कुसुंभसुद्धा. संस्कृत पर्याय गुणबोधक असतात. एखादा गुण दोन वनस्पतींत दिसला की नाव दोघींना जाते, यात ग्रंथकारांचा दोष नाही. त्यांच्यासमोर वनस्पती होती, आपल्यासमोर केवळ यादी आहे.

मराठी नाव मात्र मोठे बोलके आहे. 'कळ' म्हणजे वेदना आणि 'कळ' म्हणजे भांडणही. प्रसूतीच्या कळा आणणारी ती कळलावी, हा अर्थ गर्भनुत् या नावाशी जुळतो. घराघरांत भांडण लावणारी ती कळलावी, हा लोकांतील समज कलिहारी, कलिकारी या नावांशी नाते सांगतो. आमच्या भागात आजही हे फूल घरात आणू देत नाहीत. सासवा-सुनांचे वाजते, असे म्हणतात. गंमत अशी की कोकणात काही ठिकाणी याच फुलांना 'गौरीचे हात' म्हणतात आणि भाद्रपदात ती गौरीच्या पूजेत असतात. एरवी उंबरठ्याबाहेर ठेवलेली कळलावी त्या दिवशी देव्हाऱ्यापर्यंत येते.

फुलावरून ओळख

आजींनीच तोडगा सुचविला. "फूल बघा म्हणजे चुकणार नाही. श्रावणात या माझ्याबरोबर." २०१५ च्या श्रावणात आम्ही त्यांच्यासमवेत प्रथम निघालो आणि त्यानंतरचे अनेक पावसाळे ही फेरी चुकविली नाही. खालील वर्णन त्या फेऱ्यांतून डोळ्यांनी पाहिलेले आहे, ग्रंथांशी ताडून घेतलेले आहे.

ग्लोरिओसा सुपर्बा हे तिचे शास्त्रीय नाव लिनियसने १७५३ साली दिले. पूर्वी तिचा समावेश लिलिएसी कुलात होत असे. आता ती कोल्चिकेसी कुलात धरली जाते, आणि हा बदल आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण त्या कुलाच्या नावातच तिच्या विषाची खूण आहे. त्याआधी सतराव्या शतकातील 'होर्तुस मलाबारिकुस' या मलबारच्या वनस्पतिग्रंथात ती 'मेंदोनी' या नावाने चित्रासह आली आहे. मलयाळम भाषेत तिला आजही मेंतोन्नी म्हणतात. तमिळनाडूचे ते राज्यपुष्प आहे आणि झिंबाब्वेचे राष्ट्रीय पुष्प.

जूनमध्ये चांगला पाऊस पडून गेला की कंदातून कोवळा, गुळगुळीत कोंब वर येतो. सुरुवातीस तो सरळ उभा असतो आणि सामान्य गवताळ रोपासारखा भासतो. हातभर वाढल्यावर त्याला आधार लागतो. या वेलीच्या खोडाला वेगळे तणावे नसतात. पानाचे टोकच लांबून, बारीक होऊन स्प्रिंगसारखे गुंडाळले जाते व शेजारच्या काटकीला विळखा घालते. फूल नसताना कळलावी ओळखण्याची ही सर्वांत भरवशाची खूण होय. पान भाल्याच्या पात्यासारखे, बिनदेठाचे किंवा जवळजवळ बिनदेठाचे, चकचकीत, समांतर शिरांचे असते. पानांची मांडणी मात्र फसवी आहे. एकाच वेलीवर कोठे एकाआड एक, कोठे समोरासमोर, तर कोठे तीन-तीन पानांचा घेर दिसतो. शेजारी बहुधा घोटवेल असते. तिचे तणावे पानाच्या देठाच्या बुडाशी फुटतात आणि पानावर शिरांचे जाळे असते, तेव्हा दोहोंत गल्लत होऊ नये. करांद्याची वेलही त्याच कुंपणावर चढते, परंतु तिचे पान हृदयाकृती असते आणि ती तणाव्याने नव्हे, तर स्वतःच्या खोडाने वेढे घेत चढते.

फुलोरा साधारण जुलैअखेरीस सुरू होऊन सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत चालतो. पानाच्या बगलेतून लांब देठावर एकेकटी, हिरवी कळी खाली मान घालून लोंबते. उमलताना तिच्या सहा पाकळ्या मागे, म्हणजे वरच्या दिशेने उलटतात व ज्वाळेसारख्या उभ्या राहतात. पाकळीची कड नागमोडी, चुरगळल्यासारखी असते. रंगाचा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. आधी हिरवट, मग पिवळा, मग बुडाशी पिवळा व टोकाशी तांबडा, आणि अखेरीस सर्वच फूल गडद लाल. एकाच वेलीवर या सर्व अवस्था एकाच वेळी दिसतात, त्यामुळे प्रथम पाहणाऱ्यास दोन-तीन जातींची फुले एकत्र असल्याचा भास होतो. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे चहूबाजूंना पसरतात. त्यांच्या टोकांवरील परागकोश मध्यावर टेकलेले असून वाऱ्याने डोलतात. सर्वांत विलक्षण म्हणजे स्त्रीकेसराची दांडी. ती बीजकोशापासून निघताच काटकोनात वळून बाजूला जाते, जणू कोणी मुद्दाम मोडून ठेवली आहे. दुसऱ्या कोणत्याही स्थानिक वेलीच्या फुलात हे आम्ही पाहिलेले नाही. फळ लांबट, तीन कप्प्यांचे. वाळल्यावर फुटून आतून लालभडक गोल बिया बाहेर दिसू लागतात. लहान मुलांचा हात त्यांच्याकडे जातो, म्हणून शेतावर व अंगणालगत वेल असेल तर पालकांना सांगून ठेवणे बरे.

कोठे शोधावी

दाट, सावलीच्या जंगलात कळलावी शोधू नये. तिला ऊन हवे आणि चढावयास काटेरी आधार हवा. जंगलाची कड, करवंदीच्या जाळ्या, निवडुंगाची कुंपणे, घाणेरीचे रान, भाताच्या खाचरांचे उंच बांध आणि कातळाच्या कडेची झुडपे ही तिची खरी घरे. पाण्याचा निचरा होणारी जमीन तिला मानवते. पाणी साचले की कंद कुजतो. समुद्रकाठच्या वाळूतील झुडपांतही ती सुखाने वाढते. कर्नाळा, फणसाड, ठाण्याजवळचे येऊर, सिंहगडाची वाट, या ठिकाणी श्रावणात सहज फिरायला गेलेल्या माणसालाही ती दिसते. गोव्यातही ती विपुल आहे आणि विदर्भातील पानझडी जंगलांतही आढळते. अर्थात अभयारण्यांतील वनस्पती केवळ पाहण्यासाठी आहेत, खणण्यासाठी नव्हेत.

वेल सापडली तरी त्या वेळी कंद काढू नये. पावसाळ्यात जुना कंद झिजत असतो व नवा भरत असतो. आश्विन-कार्तिकात पाने पिवळी पडून वेल वाळते, तेव्हा नवा कंद पक्व होतो. येथेच खरी अडचण आहे. जेव्हा कंद काढावयाचा तेव्हा फूल नसते, पुष्कळदा वेलही जागेवर उरत नाही. एकाच कुंपणाखाली कळलावी, करांदा, कणगर असे अनेक कंद शेजारीशेजारी असतात. आजींची पद्धत साधी आहे. श्रावणात फूल पाहून त्या बुंध्याशी लाल चिंधी बांधून ठेवतात आणि दिवाळीनंतर केवळ चिंधीपाशी खणतात. आम्ही चिंधीऐवजी पत्र्याची क्रमांक घातलेली चकती वापरून पाहिली. गुरे चारणाऱ्या मुलांनी ती पळविली. चिंधीच बरी.

कंदाचे परीक्षण

ताजा कंद वीतभरापर्यंत लांब, दंडगोल, बाहेरून तपकिरी, आत पांढराशुभ्र व पिठूळ असतो. दोन फाटे एका बिंदूशी कोनात जोडलेले असतात. एक लांब, दुसरा आखूड, आणि दोन्हींची टोके निमुळती. लांबट फाट्याला नांगराचा दांडा व आखडत्याला फाळ कल्पिले की नामाचे मर्म पटते. याउलट वत्सनाभाचा कंद आखूड, वर जाड व खाली एकदम निमुळता, वासराच्या नाभीसारखा. बाजारात येणारा माल काळपट असतो. दोघांत साम्य असे काहीच नाही. परंतु ही सर्व लक्षणे अखंड कंदाची आहेत. चकत्या करून वाळविल्या की नांगरही जातो आणि नाभीही जाते.

व्यापारात लांगलीच्या नावाखाली पेव, म्हणजे कोस्टस स्पेसिओससचे कंद मिसळलेले आढळतात. पेवाचा कंद आडवा वाढणारा, गाठीगाठींचा, पेऱ्यांच्या खुणा असलेला असतो. लांगलीवर अशा आडव्या कंकणाकृती खुणा नसतात. ही भेसळ रुग्णाला मारणार नाही, परंतु तेल निर्वीर्य करील. उलट दिशेची चूक, म्हणजे निरुपद्रवी द्रव्याच्या जागी लांगली जाणे, ही मात्र भयंकर आहे. चव घेऊन परीक्षा करण्याची जुनी सवय आपल्यापैकी काहींना आहे. लांगली व वत्सनाभ या दोहोंच्या बाबतीत ती सर्वथा टाळावी. शंका असल्यास प्रयोगशाळेत थिन लेयर क्रोमॅटोग्राफी करून कोल्चिसीनच्या प्रमाण नमुन्याशी तुलना करता येते. हा खर्च एका घाण्याच्या किंमतीपुढे क्षुल्लक आहे.

शोधन एकाचे, द्रव्य दुसरे

फार्मसीत त्या दिवशी जे टळले त्याचे गांभीर्य येथे उलगडून सांगितले पाहिजे. वत्सनाभाचे शोधन गोमूत्रात भिजवून किंवा गोदुग्धात स्वेदन करून करतात. आमचे मित्र दुग्धस्वेदन करतात. वत्सनाभातील अकोनिटीन दीर्घकाळ उकळल्याने विघटित होऊन त्यापासून पुष्कळ कमी विषारी द्रव्ये बनतात, हे आधुनिक रसायनशास्त्राने दाखविले आहे. म्हणजे तेथे अग्निसंस्कार हाच शोधनाचा प्राण. लांगलीतील कोल्चिसीन हे उष्णतेला दाद देत नाही. कंद शिजवून खाल्ल्यावरही विषबाधा होते ती याचमुळे. परंतु ते पाण्यात विद्राव्य आहे. आपल्या ग्रंथांनी लांगलीला अग्नी न सांगता एक दिवस गोमूत्रात ठेवून, धुऊन, वाळवावयास सांगितले आहे. द्रव त्यातील विष ओढून घेतो आणि तो द्रव टाकून दिला जातो. या दोन द्रव्यांना दोन भिन्न शोधने का, याचे उत्तर आम्हांस त्या पोत्याने शिकविले. दुधात उकळलेली लांगली 'शुद्ध वत्सनाभ' या चिठ्ठीखाली त्रिभुवनकीर्तीत गेली असती, आणि त्रिभुवनकीर्ती आपण कोणाला देतो? ज्वराने फणफणलेल्या, आधीच क्षीण झालेल्या रुग्णांना, त्यांत लहान मुलांनाही.

कोल्चिसीन पेशींचे विभाजन मध्येच थांबविते. त्यामुळे ज्या पेशी सतत नव्या होतात, म्हणजे आतड्याचे अस्तर, अस्थिमज्जा, केसांची मुळे, त्यांवर प्रथम घाला पडतो. कंद पोटात गेल्यावर काही तासांत ओकाऱ्या व पटकीसारखे जुलाब सुरू होतात, शरीरातील द्रव झपाट्याने कमी होऊन रक्तदाब उतरतो. मध्यंतरी रुग्ण सावरल्यासारखा वाटतो आणि वैद्य येथेच फसतो. पुढील एक ते तीन दिवसांत वृक्क, यकृत, हृदय यांवर परिणाम होतो, रक्तपेशी घटतात. वाचलेल्या रुग्णाचे केस एक-दोन आठवड्यांनी गळतात. रताळे किंवा रानकंद समजून हा कंद खाल्ल्याच्या, तसेच आत्मघातासाठी वापरल्याच्या नोंदी दक्षिण भारत व श्रीलंकेतून झालेल्या आहेत. सहज उपलब्ध असा प्रतिविषाचा उपाय नाही. असा रुग्ण दारी आला तर घरगुती उपचारांत एक तासही न दवडता त्यास अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात धाडावे आणि उरलेला कंद वा वेलीचा तुकडा ओळखीसाठी सोबत द्यावा. जुलाब थांबले म्हणून घरी पाठवू नये.

उपयोगाविषयी थोडेसे

शार्ङ्गधराने सात उपविषांत लांगलीची गणना केली आहे. तरीही आपण तिला टाकलेले नाही, आणि टाकूही नये. अर्शावरील कासीसादि तैलात ती आहे, महाविषगर्भ तैलात आहे, गंडमाळेवर सांगितलेल्या निर्गुंडी तैलात तिचा कल्क आहे. कुष्ठ, शोफ, अर्श, व्रण व शूल हे तिचे कार्यक्षेत्र भावमिश्राने सांगितले, तसेच ती पित्तल व गर्भपातिनी असल्याचेही स्पष्ट केले आहे. सूतिकागारातील तिचे प्रयोग पाहिले तर एक गोष्ट नजरेत भरते. चरकाने शारीरस्थानात लांगलिकी कुष्ठ, वेलदोडा, वचा इत्यादींसह चूर्ण करून हुंगावयास दिली आहे. सुश्रुताने अपरा अडकली असता मुळाचा कल्क हातापायांच्या तळव्यांना लावावयास सांगितला आहे. म्हणजे हुंगणे आणि लेप. अशा नाजूक वेळी तिला पोटात देण्याचा मोह या आचार्यांनी आवरला आहे. खेड्यांतून गर्भपातासाठी हा कंद वापरण्याचे जे अघोरी प्रकार होत आले, त्यांत स्त्रियांचे प्राण गेले आहेत. कोणी चौकशीला आले तर आम्ही कंदाविषयी एक अक्षरही न बोलता त्या भगिनीस स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवितो. आमच्या व्यवसायात लांगली केवळ बाह्योपचारात आहे. आभ्यंतर प्रयोग करणारे अनुभवी वैद्य आहेत, त्यांच्याशी आमचा वाद नाही.

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये लांगलीचा स्पष्ट समावेश आहे, हे फार्मसीचालकांना ज्ञात असेलच. अशा द्रव्याने युक्त आभ्यंतर औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना असावी लागते. परंतु वेष्टनावरील सूचना ही साखळीची शेवटची कडी झाली. पहिली कडी खरेदीची आहे. आमच्या मित्रांनी त्या प्रसंगानंतर आपल्या फार्मसीत एक नियम केला. कोणतेही विष वा उपविष चकत्यांच्या रूपात घ्यावयाचे नाही, अखंडच घ्यावयाचे, आणि मागणी नोंदविताना संस्कृत नाव, शास्त्रीय नाव व संग्राहकाच्या बोलीतील नाव अशी तिन्ही लिहावयाची. अखंड कंद वाळावयास वेळ लागतो, बुरशी धरते, संग्राहक जास्त पैसे मागतात. त्यांनी ते मान्य केले आहे.

संग्राहकांविषयीही एक शब्द. कंदाच्या दोन्ही फाट्यांच्या टोकाशी एकेक डोळा असतो. आजी लांब फाटा तोडून घेतात आणि आखूड फाटा त्याच खड्ड्यात पुरतात. पुढच्या पावसाळ्यात तेथेच वेल येते. बियांपासून रोप होते, परंतु फुलावर येण्यास तीन-चार वर्षे घेते. घाऊक मागणी आली की हा संयम राहत नाही. तमिळनाडूत कोल्चिसीनसाठी बियांचे पीक म्हणून कळलावीची रीतसर शेती होते, तेथील शेतकरी हाताने परागीकरण करतात. आपल्याकडे लांगलीची गरज तेलांपुरती, म्हणजे थोडी आहे. ती बांधावरच्या लागवडीतून भागू शकेल असे आम्हांस वाटते. कुंपणे मात्र झपाट्याने जात आहेत. ज्या कुंपणावर आम्ही २०१५ साली पहिले फूल पाहिले तेथे आता चिऱ्याची भिंत आहे.

भिंतीचे काम निघाले तेव्हा आजींनी तेथील सात कंद काढून आणून दिले. पहिल्या वर्षी ते आम्ही दवाखान्याच्या दर्शनी भागात लावले. दोन रुग्णांनी आणि आमच्या सौभाग्यवतींनी एकाच सुरात हरकत घेतली, सबब ते मागील अंगणात, जाळीच्या आत हलविले. शेजारी पाटी आहे : 'लांगली. कळलावी. ग्लोरिओसा सुपर्बा. विषारी.' त्याखाली स्थानिक नाव लिहावे की न लिहावे यावर आमचा व फार्मसीचालक मित्रांचा बराच खल झाला. अखेर लिहिले : 'बचनाग, परंतु वत्सनाभ नव्हे.' श्रावण-भाद्रपदात वाट वाकडी करून येणाऱ्या वैद्यबंधूंना आणि विद्यार्थ्यांना फूल अवश्य दाखवू. कंद मात्र कोणी मागू नये.